मला देवाचा आवाज ऐकूच येत नाही

प्रश्न: मी नाशिकरोडला राहते, नर्स आहे. दुबईची ऑफर आलीय, महिनाअखेर कळवायचंय. घरी आई एकटी, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय. आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमधे सगळे "प्रभू माझ्याशी बोलला" असं सहज सांगतात, एक काकू तर म्हणाल्या की प्रभूने त्यांना दाखवलंय, तू जाऊ नकोस. मी रोज पहाटे प्रार्थनेला बसते पण पंख्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर: ताई, ते आधी मनातून काढून टाका. विश्वास नसता तर तुम्ही रोज पहाटे उठला नसता.

बायबलमधली शमुवेलाची गोष्ट परत वाचा, पहिलं शमुवेल, अध्याय ३. पोरगा मंदिरातच झोपायचा, देवाने नावाने हाक मारली तरी तीनदा धावत गेला तो म्हाताऱ्या एली याजकाकडे, कारण त्याच्या ओळखीचा आवाज तोच. ऐकू येत होतं, ओळख पटायची होती. आणि एलीने स्वतः निरोप नाही सांगितला हां, परत हाक आली तर "बोल, तुझा दास ऐकत आहे" असं म्हण, एवढंच शिकवलं. काकूंची माया खरी असेल, पण त्यांनीही इतकंच करायला हवं होतं असं मला स्पष्ट वाटतं. सगळ्याची पारख करा, चांगलं ते घट्ट धरा, असं प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्रात लिहिलंय, तेव्हा काकूंचं बोलणं पारखून घेतलंत तर पाप नाही लागत.

माझ्या वडलांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा त्यांचं बोलणं कुणालाच कळायचं नाही, नुसता घोगरा आवाज. मी रोज सकाळी चहा बशीत ओतून त्यांना पाजायचो आणि तिथेच बसून राहायचो, दोनेक महिन्यांनी एक दिवस कळलं की ते "खिडकी" म्हणतायत, आणि ते पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होते. प्रार्थनेतही मला असंच बसावं लागलं. होरेब डोंगरावर संदेष्टा एलीयासमोर वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला, परमेश्वर त्यात नव्हता, नंतर शांत मंद वाणी आली, आणि ती ऐकायला तो तिथे थांबलेला होता.

निर्णयाचं म्हणाल तर संत इग्नेशियस लोयोलांची पद्धत मला फार उपयोगी पडली. ते आधी सैनिक होते; १५२१ मधे स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडून ते पडून होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की शौर्याची स्वप्नं बघताना छान वाटतं पण नंतर मन कोरडं पडतं, आणि ख्रिस्ताच्या मागे जायचा विचार केला की आनंद नंतरही टिकतो. तुम्हीही तीन दिवस असं धरून चला की मी जातेय, रोज रात्री मन कसं होतं ते वहीत लिहा, पुढचे तीन दिवस मी राहतेय असं धरा. मन फार खचलेलं असेल त्या दिवशी मात्र ठरलेलं काही बदलू नका, हेही त्यांचंच सांगणं.

अजून एक, तुमच्या पत्रात आईचा गुडघा आहे, पण तिला काय वाटतं ते कुठेच नाही. आज जेवणं झाली की विचारा, आणि तिचं बोलून पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका.