'रानलसूण' म्हणावं का?

प्रश्न : मी जर्मनीत राहते. वसंतात इथले लोक जंगलातून 'बेअरलाउख'ची पानं खुडून आणतात. त्यांना लसणाचा वास येतो. आईला मी 'रानलसूण' असं सांगितलं. शब्द बरोबर आहे का? आणि लसणाचे औषधी गुण तिच्यात असतात का?

ताई, शब्द चांगला आहे, खुशाल वापरा. जर्मन नावात 'बेअर' म्हणजे अस्वल, आणि शास्त्रीय नाव 'अ‍ॅलियम उर्सिनम' यातही तेच अस्वल आहे. पण 'अस्वललसूण' म्हटलं तर आईला काहीच बोध होणार नाही. 'रानलसूण'मधून निदान वास आणि कूळ दोन्ही कळतं. आपण गड्ड्याच्या पाकळ्या सोलतो, तिथे मात्र मुख्यतः रुंद पानं खातात, एवढं आईला जरूर सांगा.

मला काळजी वाटते ती 'रान' या पदाची. मराठीत ते कधी खरं नातं सांगतं, कधी नुसतं दिसणं. रानहळद ही हळदीच्याच कुळातली. रानकांदा, म्हणजे कोळकांदा, दिसायला कांदा, पण हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं त्यात असतात. म्हणजे 'रान' लागलं की गुणही तेच, असं धरून चालता येत नाही.

तुमच्या रानलसणीचं नातं खरं आहे. पान चुरडलं की लसणासारखीच गंधकाची संयुगं तयार होतात, वास त्यांचाच. युरोपात ती पचनासाठी आणि रक्तदाबासाठी पूर्वापार खातात. लसणाच्या अर्कानं वाढलेला रक्तदाब थोडा उतरतो असं काही चाचण्यांत दिसलंय. रानलसणीवर माणसांवरचा अभ्यास त्या मानाने फारच थोडा आहे, म्हणून मी तिला भाजी म्हणेन, औषध म्हणणार नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर रोज भरपूर खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आपल्याकडे लसणाला 'रसोन' असंही नाव आहे. 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याची फोड 'रस + ऊन', म्हणजे एका रसानं (चवीनं) उणा, अशी दिली आहे : सहा रसांपैकी फक्त आंबट नाही. मुळात तिखट, पानात कडू, देठात तुरट, देठाच्या टोकाला खारट, बीजात गोड. संस्कृत 'लशुन'वरून ही व्युत्पत्ती मागाहून बसवली असावी असं मला वाटतं, पण एका झाडाची चव अवयवागणिक इतकी बारकाईनं पाहणं मला फार आवडतं.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. त्याच जंगलात, त्याच दिवसांत, 'लिली ऑफ द व्हॅली' आणि 'कॉल्चिकम' यांची पानं येतात. दोन्ही विषारी, आणि चुकून खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. रानलसणीचं प्रत्येक पान जमिनीतून स्वतंत्र देठावर येतं, लिलीची पानं बहुधा जोडीनं येतात, कॉल्चिकमला देठ नसतो. वासावर भरवसा ठेवू नका. दोनचार पानं खुडली की हातालाच लसणाचा वास लागतो, मग पुढचं प्रत्येक पान तसंच वासतं. पहिल्यांदा जाणत्या शेजारणीबरोबरच जा, नाहीतर बाजारातून जुडी आणा.

राहिला लिंगाचा प्रश्न, तो तुमच्या वाक्यात दडलाय. आपण 'लसणाची चटणी' म्हणतो आणि 'लसणीचं तिखट'ही म्हणतो. तेव्हा 'रानलसूण आणली' म्हणा की 'आणला', दोन्ही चालेल. माझ्या घरी ती 'आणली' जाते.