आईबाबा युरोपच्या ग्रुप टूरला निघालेत, दोघांच्या फोनचा खर्च कमी कसा ठेवू?

तुम्ही विचारलंय की आईबाबा (वय 60 आणि 64) सप्टेंबरात 14 दिवसांच्या ग्रुप टूरला निघालेत. लंडनला उतरायचं, मग पॅरिस, ब्रसेल्स, ॲम्स्टरडॅम, ब्लॅक फॉरेस्ट, स्वित्झर्लंड, इन्सब्रुक, व्हेनिस आणि रोमहून परत. दोघांकडे अँड्रॉइड फोन आणि भारतातलं प्रीपेड सिम. तर रोमिंग पॅक घ्यावा की तिकडे उतरल्यावर सिम?

मी मूळची नाशिकची, गेली दहा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. आईबाबा, सासूसासरे, मावशी असे सगळे इकडे येऊन गेलेत, आणि प्रत्येकाचा फोन मीच लावून दिलाय. त्या अनुभवावरून सांगते, तिकडे उतरून सिम घ्यायचा विचार सोडून द्या. एकट्याने, सवडीने फिरणाऱ्यासाठी ते ठीक आहे. ग्रुप टूरची बस एका गावात तास-दोन तास थांबते, त्यात स्वच्छतागृहाची रांग, फोटो आणि खरेदी. जर्मनीत तर 2017 च्या जुलैपासून प्रीपेड सिमलाही पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते. एवढ्या घाईत, परक्या भाषेत आईबाबांनी हे करावं अशी अपेक्षा करू नका. लंडनच्या विमानतळावर सिम घेतलंच, तरी ते पॅरिसमध्ये चालेलच असं नाही.

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण पैसे जातात ते इथेच. 15 जून 2017 पासून युरोपियन युनियनमधल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालतं, आणि हा नियम 2032 पर्यंत वाढवलेला आहे. पण नियम युनियनचा आहे, नकाशावरच्या युरोपचा नाही. युनियनबाहेरचे नॉर्वे, आइसलंड आणि चिमुकला लिश्टेनश्टाइन यात येतात, स्वित्झर्लंड येत नाही. ब्रिटननेही युनियन सोडल्यामुळे 2021 पासून तिथल्या कंपन्यांवर तो बंधनकारक नाही. म्हणजे तुमच्या आईबाबांच्या यादीतले नेमके दोन देश नियमाबाहेर आहेत, आणि त्यातल्या स्वित्झर्लंडमध्ये तर सगळ्यात जास्त व्हिडिओ कॉल होणार. बर्फ दिसला की घरच्यांना दाखवल्याशिवाय राहवत नाही, आणि ते अगदी साहजिक आहे.

मी इथे राहूनसुद्धा यात फसले आहे. बोडनसे तलावाच्या काठी कॉन्स्टान्झ नावाचं जर्मन गाव आहे, त्याला चिकटूनच स्वित्झर्लंडचं क्रॉयझलिंगेन. मी कॉन्स्टान्झमध्येच होते, पण फोनने पलीकडचं स्विस नेटवर्क पकडलं. माझ्या तेव्हाच्या जर्मन करारात स्वित्झर्लंड नव्हतं. 50 युरो अधिक कर एवढा खर्च झाला की डेटा आपोआप बंद करायचा, असा युरोपातल्या सिमना नियम आहे, म्हणून 59.50 युरोंवर थांबलं. सीमा न ओलांडता एवढे पैसे गेले याची हळहळ आजही वाटते. टूरवाले लिश्टेनश्टाइनच्या राजधानीत, वाडुझला थांबवतात ना, तिथेही हेच होऊ शकतं. लिश्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये फक्त ऱ्हाईन नदी आहे, आणि फोनला नदी दिसत नाही.

म्हणून पॅक कुठलाही घ्या, त्यावर ‘युरोप’ लिहिलंय एवढ्यावर पैसे भरू नका. टूरचा कार्यक्रम शेजारी ठेवा आणि देशांची यादी उघडून एकेक नाव जुळवा: ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, ऑस्ट्रिया, इटली.

आता मुख्य गोष्ट. भारतीय सिमचं काम वेगळं आणि इंटरनेटचं काम वेगळं, असं धरून चाला. भारतीय सिम हवं ते बँकेच्या ओटीपीसाठी आणि अडीअडचणीला. ते फोनमधून काढायचं नाही, स्लॉटही बदलायचा नाही. सिम हललं की यूपीआयची ॲप नंबर पुन्हा तपासायला मागतात आणि परदेशात बसून ते निस्तरताना जीव मेटाकुटीला येतो. निघण्याआधी कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि मूळ रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे जाईल असं बघा. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत. मात्र त्या सिमचं डेटा रोमिंग बंद म्हणजे बंद. 2018 मध्ये बाबा आले तेव्हा हे बटण चालूच राहिलं होतं. पॅक नव्हता. बाबांनी स्वतः काहीच केलं नाही, फोन मुकाट्याने ब्लॅक फॉरेस्टमधल्या टिटिसे तलावाचे फोटो बॅकअपला चढवत राहिला आणि दीड दिवसात बिल सात हजारांवर गेलं. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. पैशांपेक्षा मला त्याचंच वाईट वाटलं.

इंटरनेटसाठी ई-सिम घ्या, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच बसवायचं सिम. फोनमध्ये *#06# दाबा, आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी असा लांबलचक आकडा दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. प्रवासी ई-सिम बहुतेक वेळा फक्त डेटाचं असतं, त्याला फोन नंबर नसतो, पण व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहतं, त्यामुळे अडत नाही. भारतात विकत घेताना दूरसंचार विभागाची परवानगी असलेला विक्रेता बघा. 2024 च्या जानेवारीत दोन परदेशी ई-सिम कंपन्यांची ॲप याच कारणावरून भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढली गेली होती. क्यूआर कोड घरच्या वाय-फायवर स्कॅन करून ई-सिम आधीच बसवा, फक्त मुदत बसवल्यापासून मोजतात की तिकडे पोचल्यापासून, ते विचारून घ्या.

एकाच फोनवर डेटा घेऊन दुसऱ्याला हॉटस्पॉट द्या, असा सल्ला तुम्हाला मिळेल. स्वस्त पडतो खरा, पण मी तो देणार नाही. व्हेनिसच्या गल्ल्यांत आई दुकानात आणि बाबा पुढे गेले की हॉटस्पॉटही बाबांबरोबर जातो. चुकामूक होते ती अशीच. बाबांच्या फोनवर मोठा पॅक आणि आईच्या फोनवर छोटा, दोन-तीन जीबीचा का होईना, वेगळा ठेवा. इथे वाचवू नका.

फोन जुना असेल, ई-सिम चालत नसेल किंवा सिम बदलायचं म्हटलं की आईबाबांना धास्ती वाटत असेल, तर भारतीय कंपनीचाच रोमिंग पॅक घ्या. महाग पडतो, पण विमानातून उतरल्यावर त्यांना काहीच करावं लागत नाही. त्याचा ‘दिवस’ भारतीय तारखेप्रमाणे धरतात की 24 तासांचा, हे विचारा. सप्टेंबरात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणजे तिथे रात्रीचे साडेआठ वाजले की आपल्याकडे तारीख बदलते. पॅक घेतल्यावर अर्थातच डेटा रोमिंगचं बटण चालू ठेवावं लागेल. आणि विमानात किंवा मोठ्या जहाजावर फोन विमान मोडवरच हवा, कारण तिथलं उपग्रहाचं नेटवर्क या कुठल्याच साध्या पॅकमध्ये धरलेलं नसतं.

डेटा पुरवायचा तर व्हॉट्सॲपमध्ये रोमिंगवरचं आपोआप डाउनलोड बंद करा (सुप्रभातचे फोटो आणि गणपतीचे व्हिडिओ येत राहणारच) आणि फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवा. व्हॉट्सॲपच्या साध्या कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी लागतो, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट. व्हिडिओ हॉटेलच्या वाय-फायवरून, असं ठरवून टाका. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले साडेनऊ, ही वेळ दोन्हीकडे सोयीची. शहरांचे नकाशे आणि भाषांतराचे पॅक घरीच उतरवून द्या, डेटा नसतानाही नकाशावर आपण कुठे आहोत तो निळा ठिपका दिसतो.

नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा की चौदा दिवस साधा फोन करू नका. रोमिंगवर आलेला कॉल उचलला की पॅक नसेल तर मिनिटाला पैसे पडतात. आपल्याकडे दहा वाजता कर्ज विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात, तेव्हा तिकडे सकाळचे साडेसहा असतात. आईबाबा झोपेत, घरून काही निरोप आलाय का म्हणून दचकून उचलतात. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे त्यांना दोनदा सांगा.

निघण्याच्या आठवडाभर आधी एक संध्याकाळ काढून रंगीत तालीम करा. डेटा कुठल्या सिमवरून चाललाय ते बघणं, नेटवर्क हाताने निवडणं, टूर मॅनेजरला व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवणं, हे सगळं आईला तिच्या स्वतःच्या हाताने करू द्या. आपल्याकडे फोनचं सगळं बाबांकडे सोपवतात आणि चुकामूक झाली की आई रिकाम्या हाताने उभी राहते. माझ्या मावशीचं ॲम्स्टरडॅममध्ये तसंच झालं, अर्धा तास ती एका पुलावर रडत उभी होती. सगळे नंबर +91 लावून साठवा. आईच्या पर्समध्ये एक कागद ठेवा, त्यावर टूर मॅनेजरचा नंबर, त्या दिवशीच्या हॉटेलचं नाव-पत्ता, तुमचा नंबर आणि 112. हा आपत्कालीन नंबर त्यांच्या यादीतल्या सगळ्या देशांत चालतो आणि त्याला कुठलाच पॅक लागत नाही.