कानाच्या पडद्याला भोक पडलंय, ऑपरेशन करावंच लागेल का?

लगेच नाही. थप्पड बसून किंवा कान कोरताना पडलेलं ताजं भोक बहुतेक वेळा 2 ते 3 महिन्यांत आपोआप भरून येतं. तोवर एकच पथ्य कडक पाळा: कानात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. अंघोळीआधी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवा. आणि तेल तर अजिबात नको, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी.

3 महिन्यांनंतरही भोक तसंच असेल, कान सारखा वाहत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर टिम्पॅनोप्लास्टी, म्हणजे पडदा सांधण्याचं ऑपरेशन, करतात. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण किंवा कानाचीच थोडी कूर्चा काढून त्याने पडदा सांधतात. नंतर काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं.

मात्र कानातून घाण वासाचा स्राव येत असेल तर वाट पाहू नका. आत कोलेस्टेटोमा, म्हणजे पडद्यामागे साचत वाढणारा त्वचेचा गोळा, असू शकतो. तो हळूहळू हाड कुरतडतो आणि त्यावर सहसा शस्त्रक्रियाच करावी लागते. सोबत चक्कर येऊ लागली किंवा चेहरा एका बाजूला वाकडा झाला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.