कारणात दुसऱ्याचं नाव नको

प्रिय मुली,

तुझी मेल प्रिंट काढून वाचली. वकिलाची खोड. वाचता वाचता माणसांच्या नावांखाली रेघा मारत गेले. मैत्रीण, जिला नागपूरचं एमएनएलयू हे लॉ स्कूल मिळालं. मामेभाऊ, जो हैदराबादच्या नलसार लॉ स्कूलला आहे. क्लासचे सर, जे म्हणतात 'थोडक्यात हुकलं'. बाबा, कारण फी त्यांनी भरली. आईच्या भिशीतल्या बायकासुद्धा आहेत. पुन्हा क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची (एनएलयूंची) प्रवेश परीक्षा, द्यायची की नाही, एवढ्या मोठ्या प्रश्नात तू स्वतः कुठे आहेस, ते काही मला सापडलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे आणि तुला कंटाळा येईपर्यंत तेच सांगणार आहे. दे किंवा देऊ नकोस. पण जे कारण सांगशील, त्यात दुसऱ्या कुणाचं नाव नको.

कारण शोधायचं कुठे? तुझ्याच पेपरात. रँक बाजूला ठेव, ती बघून रडून झालंय. उत्तरतालिका आणि तुझी उत्तरं शेजारी शेजारी मांड. 120 मिनिटांत 120 प्रश्न, चुकलं की पाव गुण वजा. चुकलेल्या एकेका प्रश्नासमोर खरं लिही: वेळ संपला, उतारा कळला नाही, की अंदाजपंचे ठोकून दिलं? चालू घडामोडींत मार खाल्ला असशील तर ते भरून निघतं, रोज पेपर वाचावा लागतो एवढंच. ठोकाठोकी केली असशील तर तीही सुटते. पण कायद्याच्या उताऱ्यांपाशी जरा थांब. तिथे आधीचं ज्ञान लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो समोरच्या भांडणाला लावून बघायचा असतो. ते करताना तुला मजा आली का? घाई असूनही? आली असेल तर माझ्याकडून परवानगी समज. नसेल आली, तर दुसऱ्यांदा परीक्षा देण्याआधी हे क्षेत्रच हवंय का, ते बघ. आम्ही जन्मभर तेवढंच करतो.

आता मला ज्याचा राग आला ते. राज्याच्या लॉ सीईटीत तुला चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज मिळतंय आणि तू लिहितेस, 'फक्त जीएलसी'. अगं, 1855 सालचं कॉलेज आहे ते! 1935 मध्ये बाबासाहेब तिथे प्राचार्य झाले. ते 'फक्त' तुझं मत नाही, मामेभावाचं आहे. बघ, पुन्हा दुसऱ्याचं नाव.

खोटा दिलासा देणार नाही. लोअर परळच्या, नरिमन पॉइंटच्या मोठ्या लॉ फर्म मुलं निवडायला आधी एनएलयूंच्या दारात जातात. तुला करारमदारांचं, कंपन्यांचं काम करायचं असेल तर एनएलयूसाठी पुन्हा बसणं शहाणपणाचं आहे. 'मला फर्ममध्ये जायचंय', चालेल हे कारण, त्यात कुणी नाही. कोर्टात उभं राहायचं असेल तर वकिलीची सनद सगळ्यांना एकच मिळते, बार कौन्सिलची परीक्षाही सगळ्यांना तीच. जज कॉलेज विचारत नाहीत, पुढची तारीख कशाला पाहिजे ते विचारतात.

आणि घरी बसून वर्ष घालवायचं काही कारण नाही. परीक्षा डिसेंबरात असते. कॉलेजला जात जात अभ्यास होतो. गणपती उरकले की मात्र हातात फार दिवस राहत नाहीत.

तू विचारशील, तुम्ही का नाही दिली पुन्हा? विचारच. आमच्या वेळी क्लॅट नव्हती, ती 2008 साली आली. त्याआधी प्रत्येक लॉ स्कूलचा वेगळा फॉर्म, वेगळा डिमांड ड्राफ्ट. माझं बंगळुरूचं लॉ स्कूल हुकलं. पुढच्या वर्षीचा फॉर्म आणून ठेवला होता, भरला नाही. वडिलांची गिरणी संपात गेली ती गेलीच, घर आईच्या शिलाईवर. मी सकाळचं कॉलेज धरलं आणि दुपारी एका सीनियरच्या फायली उचलल्या. म्हणजे माझ्या कारणात वडिलांचं नाव होतं, असं म्हणशील. ते वेगळं. ते मला एका शब्दाने काही बोलले नव्हते. घर कसं चाललंय ते मलाच दिसत होतं, ठरवलं मीच. त्या कॉलेजातून मी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात पोचले. पागडीच्या खोल्यांचे खटले वर्षानुवर्षं लढले. लालबाग-परळच्या किती म्हाताऱ्यांच्या डोक्यावरचं छप्पर राखलं. बंगळुरूला गेले असते तर कुठल्या तरी काचेच्या इमारतीत कलमं तपासत बसले असते. झालं ते उत्तम झालं. तिथला कुणी वकील भेटला की मी अजून आधी बॅच विचारते, पण ती सवय आहे, त्याचा काही अर्थ काढू नकोस.

तर रविवारपर्यंत मला एकच वाक्य पाठव. 'मी पुन्हा देणार, कारण...' किंवा 'नाही देणार, कारण...' त्यात बाबा, सर, मैत्रीण, मामेभाऊ कुणीही दिसलं तर वाक्य परत येईल. जीएलसीची फी भरायची मुदत त्याआधी संपत असेल तर गुपचूप भरून टाक, वाक्याची वाट बघू नकोस. मूळ कागदांच्या झेरॉक्स आधी काढून ठेव. आणि ही मेल घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलीस तर बघ.

तुझी,
मावशी