ए, ॲन, द : नियमांआधी आपली मराठी बघा

तुम्ही लिहिलंय की मराठी माध्यमातून शिकलात, ग्रामरचं पुस्तक वाचून झालंय, रिकाम्या जागा भरा बरोबर येतात, पण क्लायंटला ईमेल लिहिताना ए कुठे, द कुठे आणि कुठे काहीच नको हे कळत नाही आणि मॅनेजर दुरुस्त करून परत पाठवतात. मी बरीच वर्षं नोकरी करणाऱ्या लोकांना इंग्रजी शिकवतोय आणि हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मराठीत आर्टिकल, म्हणजे ए, ॲन, द सारखा शब्द, नाही म्हणून आपल्याला हे जमत नाही असं जे सांगतात ते मला अजिबात पटत नाही. शब्द नाही, पण फरक आपण रोज करतो. 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात कुठलं तरी पुस्तक आहे, ऐकणाऱ्याला त्याची कल्पना नव्हती, म्हणजे 'देअर इज ए बुक ऑन द टेबल'. दुसऱ्यात आपण ज्याबद्दल बोलतोय तेच पुस्तक, म्हणजे 'द बुक इज ऑन द टेबल'. आता अजून एक, 'आम्ही मुलगी शोधतोय' म्हटलं की समोरचा समजतो घरात लग्नाचं चाललंय, आणि 'आम्ही मुलीला शोधतोय' म्हटलं की तो घाबरून विचारतो कधीपासून दिसत नाहीये. नुसत्या 'ला'ने ए चा द झाला! हे कुणी आपल्याला शिकवलेलं नाही, म्हणजे जाण आहेच, फक्त इंग्रजीत ती नामाच्या आधी लिहून दाखवावी लागते.

म्हणून लिहिताना एकच प्रश्न विचारायचा : कुठलं, हे वाचणाऱ्याला कळतंय का? मला कळतंय का असं नाही, वाचणाऱ्याला. ऑफिसातल्या बऱ्याच चुका इथेच होतात. समजा तुम्ही लिहिलं 'वी फाउंड द बग इन पेमेंट पेज' (बग म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक). तुम्ही सकाळपासून त्या बगवर बसलाय त्यामुळे तुमच्यासाठी तो 'द' झालाय, पण क्लायंट पहिल्यांदाच ऐकतोय, त्याला वाटणार कुठला बग, मागच्या आठवड्यात कळवला होता तो का? तिथे 'ए बग' हवं. आणि पेमेंट पेज मात्र त्याच्या साइटला एकच आहे, त्याला माहीत आहे, म्हणून 'इन द पेमेंट पेज'. पुढच्या वाक्यात आता दोघांनाही माहीत झालं, 'द बग अपिअर्स ओन्ली ऑन मोबाइल'. 'सेम इश्यू', 'फर्स्ट व्हर्जन', 'लेटेस्ट फाइल' असल्या शब्दांत कुठलं ते आपोआप ठरतं म्हणून तिथे बहुतेक वेळा द लागतं, 'द सेम इश्यू'. आपल्याकडे हे सर्रास गाळतात.

दुसरी गोष्ट, आणि इथे मात्र मराठी खरंच फसवते. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा एकटं उभं राहत नाही, आधी ए, द, माय, धिस असं काहीतरी लागतं. 'ती डॉक्टर आहे' मध्ये 'एक' घातलं तर मराठी कानाला खटकतं, म्हणून आपण 'शी इज डॉक्टर' लिहून मोकळे होतो. ते 'शी इज ए डॉक्टर' हवं. या एवढ्याशा ए ने किती फरक पडतो ते बघायचं तर नील आर्मस्ट्राँग यांचं जुलै १९६९ मधलं चंद्रावरचं वाक्य घ्या, 'दॅट्स वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड'. आर्टिकल नसलं की 'मॅन' म्हणजे अख्खी मानवजात, मग दोन्ही भागांचा अर्थ एकच होतो. 'फॉर ए मॅन' म्हटलं तरच एका माणसाचं छोटं पाऊल असा अर्थ लागतो आणि आपल्याला तेच म्हणायचं होतं असं आर्मस्ट्राँग यांनी नंतर सांगितलं, रेकॉर्डिंगमध्ये तो ए आहे की नाही यावर अजून वाद चालतो.

उलटी फसवणूकही आहे. आपण एक सल्ला, दोन सल्ले, चार बातम्या म्हणतो, पण इंग्रजीत ॲडव्हाइस, न्यूज, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, फीडबॅक मोजत नाहीत, त्यामुळे 'ए फीडबॅक' चूक, 'सम फीडबॅक' लिहा.

ए की ॲन याला खरं तर मिनिट पुरे. शाळेत ए-ई-आय-ओ-यू घोकून घेतात त्यामुळे घोळ होतो, नियम स्पेलिंगचा नाही, उच्चाराचा आहे. शब्द देवनागरीत लिहून बघा, स्वराने सुरू झाला तर ॲन. अवर, ऑनेस्ट, एमएलए, एफआयआर, एक्स-रे, सगळ्यांना ॲन. युनिफॉर्म, युरोपियन, वन-वे हे य आणि व ने सुरू होतात म्हणून ए. फक्त आपण 'न्यू इयर' लिहितो तिथे सांभाळा, खरा उच्चार यिअर आहे, म्हणून 'ए यिअर'. आणि हे सगळं कानावर किती चालतं बघा, ॲप्रन हा शब्द मुळात नॅप्रन होता, 'ए नॅप्रन' लोकांना 'ॲन ॲप्रन' ऐकू यायला लागलं आणि न कायमचा गेला.

नावांचं मात्र तर्काने जमत नाही, ते वाचून वाचूनच बसतं. द गोदावरी, द अरेबियन सी, द हिमालयाज, पण माउंट एव्हरेस्टला काही नाही. पेशंट म्हणून भरती असलेल्याला ब्रिटिश 'इन हॉस्पिटल' म्हणतात, अमेरिकन 'इन द हॉस्पिटल', दोन्ही बरोबर, क्लायंट कुठला आहे ते बघा.

आता करायचं काय, तर तुमचे पाठवलेले जुने ईमेल काढा, प्रत्येक नामाखाली रेघ मारा आणि आधी मोजता येतं का, मग वाचणाऱ्याला कुठलं ते माहीत होतं का, एवढं दोनच तपासा. अडलं तर इथे टाका, पण नुसतं वाक्य नको, आधीच्या ईमेलसकट टाका, कारण क्लायंटला काय माहीत होतं ते कळल्याशिवाय ए की द कुणालाच सांगता येणार नाही.