घाई करायचीच तर मृत्युपत्राची करा

निपाणीहून एका ताईंनी विचारलं आहे : "मी आणि माझी जोडीदार सहा वर्षं एकत्र राहतो. २०२४ च्या निवडणुकीनंतर अमेरिकेत अनेक समलिंगी जोडप्यांनी घाईनं लग्नं उरकली, असं वाचलं. इथलंही वारं कधी फिरेल सांगता येत नाही. आम्ही कोल्हापूरला जाऊन नोंदणी करून टाकावी का? घर माझ्या नावावर आहे, हप्ते दोघी भरतो."

ताई, कोल्हापूरला जाऊन काही हाती लागणार नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा केंद्राचा आहे. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला म्हणून त्यातलं अक्षर बदलत नाही. त्यात पुरुषाचं वय २१, स्त्रीचं १८ असं लिहिलंय, म्हणजे लग्न स्त्री-पुरुषाचंच धरलंय, आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं तो तसाच ठेवला. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. शिवाय लग्नाची नोटीस नावपत्त्यासह ३० दिवस फलकावर लागते. घरच्यांना अजून सांगितलं नसेल, तर ही जोखीम फुकटची.

अमेरिकेत २०१५ पासून समलिंगी लग्नाचा हक्क आहे, तो जाईल या भीतीनं तिथे धावपळ झाली. आपल्याकडे तो अजून मिळालेलाच नाही. संसद कधी मनावर घेईल, मला सांगता येणार नाही. पण सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून कोर्टात आहे, म्हणून बेळगावात कुणी घर बांधायचं थांबलं का?

मला खरी काळजी तुमच्या घराची वाटते. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर ते घर तुमच्या आईवडिलांकडे जाईल. ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. जिनं निम्मे हप्ते भरले, तिला कायद्यात जागाच नाही. म्हणून या महिन्यातच मृत्युपत्र करा. मराठीत चालतं, स्टँप लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्याही सह्या घ्या; जोडीदाराला मात्र साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी कराच. भाऊबंद कोर्टात गेले तर तोच कागद उपयोगी पडतो. तिनंही आपलं मृत्युपत्र करावं. हप्ते तिच्या खात्यातून गेल्याची बँकेची स्टेटमेंट्स जपून ठेवा.

जोडखातं उघडायला अडचण नाही. केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलंय. पण खात्यावर एकमेकींना नॉमिनी केलंत तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे लक्षात असू द्या.

आणि घरच्यांनी कुणा एकीला डांबून ठेवलंच, तर हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या व्यक्तीला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज, दाखल करता येतो. त्यासाठी लग्न झालेलं असावं लागत नाही.