बोटीवर जातो म्हणतोय, जाऊ द्यायचं का?

हर्णैजवळच्या एका वाडीतून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, 68 टक्के मिळाले, पीसीबीची सीईटीही दिली. आता तो म्हणतोय, एक ऑगस्टला बोट सुटेल तेव्हा मी बाबांबरोबर जाणार, पुढे शिकायचं नाही. आई लिहिते: "समुद्रापासून लांब राहावा म्हणून त्याला शिकवला आणि तो फिरून तिथंच निघाला. आमचं काय चुकलं?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं काही चुकलेलं नाही, आणि त्याचंही नाही. माझ्याकडे दापोली-गुहागरकडची कोळी, खारवी, दालदी घरांतली मुलं येतात, त्यांतल्या बहुतेकांना समुद्र सोडून काहीही चालतं. मुंबईत सिक्युरिटीची नोकरी चालते, पण बोट नको. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींवर आज नेपाळचे खलाशी दिसतात, ते काही उगाच नाही. अशा वेळी एखादा मुलगा आपण होऊन "मला जायचंय" म्हणतो, तेव्हा त्याला गप्प करण्याआधी तो नेमकं काय मागतोय ते मला ऐकावंसं वाटतं.

तुमची भीती मला कळते. वादळाचा बावटा लागतो, सगळ्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत येतात आणि आपली अजून दिसत नाही, त्या रात्री घरात काय चालतं ते मी बघितलं आहे. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळाने ऐन हंगाम बसवला, 3 जून 2020 ला निसर्ग आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. ही भीती खरी आहे आणि ती मुलासमोर बोलून दाखवा. पण माझ्या अनुभवात पाण्यापेक्षा जास्त घरं हिशेबात बुडाली आहेत. म्हणून आज त्याबद्दलच जास्त लिहितो.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे एक वही घेऊन आला होता. शंभर पानी वही, कोपरे भिजून फुगलेले, पानांना डिझेलचा वास. डाव्या पानावर डिझेल, बर्फ, रेशन, जाळ्याची दुरुस्ती, खलाशांची उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे. उजव्या पानावर लिलावात आलेली रक्कम. काही फेऱ्यांसमोर त्याने एकच शब्द लिहिला होता, "रिकामी". हंगाम संपल्यावर त्याने बेरीज केली, तेव्हा त्याच्या वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपली बोट चार महिने कमावते आणि उरलेले महिने ती कमाई खाते. मुलाने बोट सोडली नाही. कर्ज काढून मोठं जाळं घ्यायचं ठरत होतं, तो बेत सोडला. फायद्याच्या महिन्यांत तो आजही जातो, बाकीच्या महिन्यांत इंजिनदुरुस्तीची कामं घेतो.

तुमच्या मुलाला मी तेच सांगेन. आत्ता पावसाळी मासेमारीबंदी आहे. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, बोटी वर ओढलेल्या, बाबा पडवीत जाळं शिवत बसलेले. त्यांच्याशेजारी बसून गेल्या हंगामाचा हिशेब लिहून काढायला त्याला सांगा. किती फेऱ्या झाल्या, किती डिझेल गेलं, डिझेलवरच्या करपरताव्याचे किती पैसे अजून यायचे आहेत, उचल घेऊन किती खलाशी परत आलेच नाहीत. खर्च वजा जाता बोटीचा वाटा किती राहिला आणि माणसांच्या वाट्याला काय आलं? हे माहीत नसताना बोटीवर जाणं याला मी करिअर म्हणणार नाही.

वडिलांचं लायसन कोणत्या जाळ्याचं आहे, तेही त्याने बघावं. 2016 पासून आपल्या राज्यात पर्ससीनची, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्याची, परवानगी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच आहे, आणि एलईडी लाइट लावून मासेमारीला 2017 पासून बंदी आहे. तरी रात्री समुद्रावर काय दिसतं ते तुम्हाला माहीत आहे. "सगळे करतात" म्हणून त्या वाटेला गेलेली मुलं दंड आणि कर्ज दोन्ही घेऊन परत येतात. ज्या पापलेटला सरकारने 2023 साली राज्यमासा केलं, त्याचीच बोटभर पिल्लं जाळ्यात येतात, हे त्याच्या पिढीचं भांडवल आहे. या गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. आज तो अठराचा आहे, म्हणजे अजून चाळीस वर्षं त्याला याच पाण्यावर जगायचं आहे.

आता शिक्षणाचं. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, 1981 पासूनचं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. बी.एफ.एस्सी., चार वर्षं, प्रवेश सीईटीवरच. त्याने परीक्षा दिलीच आहे तर फॉर्म भरा, माझं पहिलं मत हेच. तिथं बोट चालवायला शिकवत नाहीत, हे आधीच सांगतो. मत्स्यबीज, कोळंबी, पाण्याची तपासणी, प्रक्रिया, शीतसाखळी असे विषय असतात. बाहेर पडलेली मुलं मत्स्यबीज तयार करणाऱ्या हॅचरीत, खाद्यकंपन्यांत, बँकांत, मत्स्यव्यवसाय खात्यात जातात. पण घरची बोट असलेल्या मुलाने ही पदवी घेतली, तर बर्फात ठेवलेला मासा आणि नुसता टोपलीत टाकलेला मासा यांच्या भावात फरक का पडतो, हे त्याला कळेल. आपल्या किनाऱ्यावर ही समज असलेले नाखवे, म्हणजे बोटीचे मालक, फार थोडे आहेत.

बोटच चालवायची असेल तर कोचीला सिफनेट ही केंद्र सरकारची संस्था आहे, चेन्नई आणि विशाखापट्टणमलाही तिची केंद्रं आहेत. व्हेसल नेव्हिगेटर आणि मरीन फिटर असे दोन वर्षांचे कोर्स, दहावीच्या गणित-विज्ञानावर. पुढे समुद्रावरचा अनुभव आणि परीक्षा देऊन मेट, स्किपर होता येतं. घरापासून लांब राहायची तयारी मात्र हवी.

तो अगदीच ऐकत नसेल, तर रत्नागिरीला मत्स्यव्यवसाय खात्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण आहे, नौकानयन आणि डिझेल इंजिनचं. ते करू द्या, आणि मग एक हंगाम दुसऱ्या कुणा ओळखीच्या नाखव्याच्या बोटीवर खलाशी म्हणून पाठवा. बापाच्या बोटीवर तो नाखव्याचा मुलगा असतो. दुसऱ्याच्या बोटीवर पहाटे तीनला जाळं ओढताना हात सोलतात तेव्हा कुणी कौतुक करत नाही. त्या हंगामानंतरही त्याला जावंसं वाटलं, तर मग तुम्ही अडवू नका. जाताना लाइफ जॅकेट अंगावर असलं पाहिजे, आणि बोटीवरच्या प्रत्येकाचा अपघात विमा झालेला आहे की नाही हे मच्छीमार सोसायटीत जाऊन विचारा. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर त्यात 5 लाख मिळतात.

बाबांना कमी लेखू नका, हेही त्याला सांगा. कुठे खडकाला जाळं अडकतं, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी कसं वागतं आणि उधाणाला कसं, हे कोणत्याच कॉलेजात शिकवत नाहीत. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून मासा कुठे मिळू शकेल ते कळवते. तो नकाशा वाचणारा मुलगा आणि पाणी ओळखणारा बाप एका बोटीत असले तर डिझेल वाचतं.

ताई, पत्रात तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की दापोलीच्या बाजारात तुम्ही म्हावरं विकता. त्या एका ओळीवर मी बराच वेळ थांबलो. लिलावात बोली कुठे थांबवायची, कोणतं गिऱ्हाईक उधारी बुडवतं, श्रावणात सुकटीवर घर कसं चालवायचं, हे तुम्हाला येतं. बोटीचा निम्मा धंदा तुमच्या टोपलीत आहे. चार दिवस त्याला बाजारात तुमच्या बाजूला बसवा. लाजला, उठून गेला, तर त्यातूनही तुम्हाला काही कळेल.

सोयरिकीचं तुम्ही लिहिलंत, की बोटीवरच्या मुलाला मुलगी कोण देणार. हे दुखणं गावोगावचं आहे, मी ते खोटं ठरवणार नाही. पण चोविसाव्या वर्षी त्याच्या हातात पदवी, स्वतःची वही आणि कर्ज नसलेली बोट असेल, तर बोलणी वेगळी होतात. नवीन बोटीसाठी तुमचे दागिने मात्र गहाण टाकू नका, तो कितीही रडला तरी. मच्छीमारांना 2018-19 पासून किसान क्रेडिट कार्ड मिळतं आणि एप्रिल 2025 मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. पैसे लागलेच तर आधी बँकेत विचारा.

आणि नववीतल्या मुलीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. शिरगावला मुलीही शिकतात. तिला विज्ञानात गोडी आहे असं तुम्हीच लिहिलंय.

शिरगावचा फॉर्म भरायची तारीख चुकवू नका. 31 जुलैच्या आधी एखाद्या शनिवारी तिघंही माझ्याकडे या, बाबांना घेऊनच या. मे महिन्यातल्या शेवटच्या फेऱ्या त्यांना अजून आठवत असतील. मुलाने तेवढ्या तरी लिहून आणाव्यात.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक